विद्यापीठाच्या ग्रंथालयातला संगणक : नव्यानं येणाऱ्यांसाठी

नागपूरच्या धंतोली, काँग्रेसनगर, रामदासपेठ भागातून परदेशी जाऊन स्थिरावलेल्या घरांनी हे लिहून पाठवलं आहे. विषय एकच : विद्यापीठात आपलं नाव नसताना तिथल्या ग्रंथालयातला संगणक कसा मिळवायचा आणि कसा वापरायचा. बायको शिकते आणि नवरा घरी असतो, किंवा मुलगा शिकतो आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. त्यांना हे लागतंच. ज्यांनी जेवढं लिहिलं तेवढं तसंच ठेवलं आहे. अमेरिकेवर भरपूर आहे, जर्मनीवर थोडं, ऑस्ट्रेलियावर कुणीच लिहिलं नाही.

न्यू जर्सीहून

आधी सरकारी विद्यापीठाचं ग्रंथालय शोधा. अमेरिकेत हजाराहून जास्त ग्रंथालयांत केंद्र सरकारची प्रकाशनं ठेवलेली असतात आणि त्यांतली बरीच विद्यापीठांची आहेत. ही प्रकाशनं कोणालाही फुकट पाहू देणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. आता बहुतेक प्रकाशनं संगणकावरच असतात, म्हणून बाहेरच्या माणसासाठीही यंत्राची सोय ठेवावी लागते. हे माहीत असलं की विचारताना संकोच वाटत नाही. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

चौकशीच्या टेबलावर जाऊन 'गेस्ट लॉगिन' मागा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी चिठ्ठीवर तात्पुरतं नाव आणि पासवर्ड देतात. वेळ ठरलेली असते आणि ती संपत आली की पडद्यावर सूचना येते. त्या क्षणी काम जतन करा. वेळ संपली की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि जुन्या स्थितीला जातं. त्यावर ठेवलेलं सगळं पुसलं जातं. फाईल पेन ड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा. सत्र-परीक्षेच्या काळात पाहुण्यांची वेळ कमी करतात, कुठे पूर्ण थांबवतात. मे आणि डिसेंबरमध्ये महत्त्वाचं काम तिथे ठेवू नका. प्रिंटसाठी वेगळं कार्ड घेऊन पैसे भरावे लागतात.

आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत संकेतस्थळावरून काढता येते, ती पहिल्याच आठवड्यात छापून घ्या. भारतातल्या बँकेचं काम असेल तर आधी भारतातलं सिम रोमिंगवर चालू आहे का ते बघा. ओटीपी येईपर्यंत पाहुण्याची वेळ संपून जाते. खरं तर बँकेचं काम सार्वजनिक यंत्रावर करूच नये, असं माझं ठाम मत आहे. धंतोलीतल्या दवाखान्यांतून आईबाबांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात, ते छापायला म्हणून व्हॉट्सॲप वेब उघडाल, तर उठताना फोनमधून ते यंत्र काढून टाका.

नागपुरात सायबर कॅफेत ओळखपत्राची नोंद होते. २०११ च्या नियमांनुसार ती किमान वर्षभर जपावी लागते. त्यामुळे इथेही सगळं नोंदलं जात असेल, असं वाटतं. पण अमेरिकेत ४८ राज्यांत ग्रंथालयातल्या वाचकाच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचे कायदे आहेत. सरकारला अशा नोंदी मागण्याची मुभा देणाऱ्या २००१ च्या पेट्रियट कायद्यानंतर तर अनेक ग्रंथालयांनी नको असलेल्या नोंदी लवकर पुसायची पद्धत घातली. प्रवेशाचं म्हणाल तर खाजगी विद्यापीठाचे नियम निराळे, तिथे दारावरच विद्यार्थ्याचं कार्ड मागू शकतात.

एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्यांसाठी : २६ मे २०१५ पासून या व्हिसावरच्या काही जणांना कामाचा परवाना मिळतो, सगळ्यांना नाही. शिकायला मात्र परवान्याची गरज नाही. परवान्याचा अर्ज भरायला आणि तो येईपर्यंतचे महिने काढायला ग्रंथालयासारखी जागा नाही.

इंग्लंडहून

मला वेगळं सांगायचं आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. माझा नवरा तिथे संशोधक म्हणून रुजू झाला आणि मी बाहेरची वाचक म्हणून अर्ज केला. पत्त्याचा पुरावा हवा म्हणाले. वीजबिल घरमालकाच्या नावावर. बँकेचं पत्र चालेल म्हणाले, आणि बँकेला खातं उघडायला पत्त्याचाच पुरावा हवा होता. भाडेकरार दाखवला तर त्यावर फक्त नवऱ्याचं नाव. प्रत्येक वेळी टेबलावर नवा माणूस, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगून राहिले. रडू आलं होतं. ज्या मुलीनं नागपूर विद्यापीठाच्या रामदासपेठेतल्या ग्रंथालयात बसून एम.ए. केलं, तिला वाचायच्या खोलीत शिरायला आपण कुठे राहतो हे सिद्ध करावं लागावं, हे मला आजही पटत नाही.

म्हणून, मुलींनो, घर घेतानाच भाडेकरारावर दोघांची नावं घाला. याहून मोठा सल्ला माझ्याकडे नाही.

कार्ड मिळाल्यावर कळलं की सगळी यंत्रं पाहुण्यांसाठी नसतात. प्रकाशकांशी झालेल्या करारांत 'वॉक-इन' वाचकाची तरतूद असते. इमारतीत बसून, ठरवून दिलेल्या यंत्रावर नियतकालिकं वाचता येतात, घरून नाही. काही प्रकाशक तेवढंही देत नाहीत. आणि एकामागून एक शेकडो लेख उतरवू नका. प्रकाशकाला संशय आला तर तो अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवतो, आणि त्याचा त्रास तुमच्याच माणसाच्या संशोधनाला होतो.

व्हिसा आता ई-व्हिसा आहे. घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला दाखवायचा शेअर कोड ९० दिवस चालतो. तो ग्रंथालयात काढलात तर खात्यातून बाहेर पडल्याशिवाय उठू नका.

शिकागोजवळून

पोरांनो, वरचं सगळं कामाचं आहे, पण त्या संगणकापुढे बसून फक्त फॉर्म भरू नका. १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं दिल्लीतल्या कार्यालयातून मराठी पुस्तकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवली. गव्हाच्या बदल्यात भारतानं दिलेल्या रुपयांतून, म्हणजे पीएल-४८० च्या पैशांतून, ही खरेदी सुरू झाली. आपण तो लाल गहू खाल्ला आणि त्याच हिशेबातून आपली पुस्तकं इथे पोचली. नागपुरात मिळेनाशी झालेली आवृत्ती इथल्या फडताळात सापडते, तेव्हा माझा ऊर भरून येतो.

ती शोधायची कशी? सूचीत नाव रोमन लिपीत घाला. 'वामन' साठी व्ही, डब्ल्यू नाही. 'श' साठी कधी नुसता एस चालतो, कधी एसवर खूण असते. एका पद्धतीनं सापडलं नाही तर दुसरीनं घाला. शिकागो विद्यापीठानं मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर मोकळे ठेवले आहेत. त्यांना कार्ड लागत नाही, पाहुण्याचं लॉगिनही लागत नाही. देवनागरी टंक पाहुण्याच्या यंत्रावर बसवू देत नाहीत, तेव्हा इंटरनेटवरच्या टंकलेखन साधनात लिहा आणि मजकूर मेल करा.

नातवंडांना शनिवारी घेऊन जा. नागपुरात आपण मुलांना रामकृष्ण मठाच्या वाचनालयात नेत होतो, तसंच. मठात चप्पल बाहेर ठेवून आवाज न करता बसायची सवय लागली, तीच इथे उपयोगी पडते. डबा उघडू नका, लोणच्याचा वास पूर्ण मजल्यावर जातो. घरी मराठी बोलत नाही अशी मुलं मला इथे रोज दिसतात आणि आईबापांचा राग येतो. कोश समोर असताना शब्द विचारायला लाज कसली?

जर्मनीहून

सरकारी विद्यापीठांची ग्रंथालयं बहुधा गावकऱ्यांनाही कार्ड देतात. नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा कागद आणि पासपोर्ट घेऊन जा. कार्ड मिळालं तरी संगणकाचं लॉगिन वेगळं मागावं लागतं, ते त्याच खेपेला मागा.