आधी नाव चढवून घे

छोटे, लग्नाला वर्ष होत आलं तुझ्या. बँकेचं खातं, मतदारयादी, ऑफिसातले कागद, सगळीकडे बदल करून झाला म्हणालीस. मी विचारलं, "रेशनकार्डावर नाव चढलं का?" तर हसलीस. "अगं ताई, आमचं पांढरं कार्ड. धान्य कोण आणतंय त्यावर? कपाटात पडलंय ते." तुझं ते हसणं ऐकलं तेव्हाच ठरवलं, की हिच्याशी एकदा निवांत बोलायला हवं.

रेशनकार्ड आता धान्यापुरतं राहिलेलं नाही गं. आजारपणात ते धान्याहून मोठं काम करतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तू ऐकली असशील. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला जोतिरावांचं नाव मिळालं. तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांची होती, वर्षाला दीड लाखापर्यंतची. त्यामुळे पांढऱ्या कार्डाच्या घरांत 'ते आपल्यासाठी नाही' हे पक्कं बसलं. पण २८ जुलै २०२३ ला शासनानं निर्णय काढला आणि १ जुलै २०२४ पासून तो राबवायला घेतला. आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठल्याही रंगाचं कार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि आपली ही राज्याची, दोन्ही इथे एकत्रच चालतात. तुम्हाला काही भरावं लागत नाही, खर्च सरकार उचलतं.

आता तुझ्या घराचं बघ. कार्डावर सासरे, सासूबाई, आजेसासूबाई, दीर आणि जावईबापू. तू नाहीस. माहेरच्या कार्डावरून बाबांनी तुझं नाव कमी करून घेतलं, तो दाखला तुझ्या हातात दिला, आणि तो अजून तुझ्या बॅगेत आहे. म्हणजे सरकारदरबारी आज तू कुठल्याच कुटुंबात नाहीस. ही तुझ्या एकटीची गत नाही. लग्न झालेल्या कितीतरी मुली अशा दोन घरांच्या मध्ये राहतात. एरवी त्यानं काही अडत नाही. अडतं ते नेमकं दवाखान्याच्या खिडकीपाशी.

म्हणून पहिलं काम हे. नाव कमी केल्याचा दाखला, विवाहनोंदणीचा दाखला, आधार आणि सासरचं रेशनकार्ड घे आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात जा. मुंबई-ठाण्याकडे असशील तर शिधावाटप कार्यालयात. अर्ज दिलास की पोच घे, त्यावर तारीख आहे ना ते बघ. पुस्तिकेवर हातानं लिहून मिळालं एवढ्यावर खूश होऊ नकोस. नाव ऑनलाइन चढलं का, बारा अंकी क्रमांकावर तू दिसतेस का, ते तिथेच विचार. हॉस्पिटलवाले पुस्तिका बघतात, पण शेवटी संगणकात जे दिसतं तेच धरतात.

दुसरं, नावं जुळव. तुझ्या आधारवर मात्र अजून माहेरचं आडनाव आहे. रेशनकार्डावर सासरचं लागलं, तर संगणकाच्या लेखी त्या दोन बायका होतात. कुठलं नाव लावायचं हा तुझा प्रश्न, मी त्यात पडणार नाही. माहेरचं ठेवायचं तर खुशाल ठेव, पण दोन्हीकडे एकच ठेव. आणि आधारला मोबाइल कुणाचा जोडलाय ते बघ. कॉलेजात असताना बाबांचा नंबर दिला होता ना? ओटीपी अजून त्यांच्याच फोनवर जातो. तुझा स्वतःचा नंबर जोडून घे. तुझ्या आजारपणाचा ओटीपी तुझ्याच हातात आला पाहिजे.

मग या एकत्र योजनेचं आयुष्मान कार्ड. आपले सरकार सेवा केंद्रात, गावात आशाताईंकडे किंवा स्वतःच्या फोनवर आयुष्मान ॲपमधून ते काढता येतं. आधारवरून ई-केवायसी होते: ओटीपी, बोटाचा ठसा किंवा चेहरा, यांपैकी एकानं. घरातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं, पाच लाख मात्र सगळ्यांत मिळून. हे कार्ड फुकट आहे. कुणी दोनशे-पाचशे मागितले, फोन करून ओटीपी विचारला, व्हॉट्सॲपवर 'कार्ड मंजूर झालंय, लिंक उघडा' असं पाठवलं, तर तिथेच थांब. सासूबाईंनाही हे नीट समजावून सांग, त्यांना असे फोन जास्त येतात.

आजेसासूबाईंचं आणखी सोपं आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालंय. उत्पन्न किती, कार्डाचा रंग कोणता, काही विचारत नाहीत. वय तेवढं बघतात, आणि तेही आधारवरचं. त्यांच्या आधारवर जन्मतारीख बरोबर आहे का ते आधी बघ. त्या पिढीतल्या पुष्कळांची १ जानेवारी अशी अंदाजानंच टाकलेली असते. साल चुकून पुढचं पडलं असेल, तर त्यांचा हक्क तेवढी वर्षं लांबतो.

आता ही योजना काय करते आणि काय करत नाही, ते नीट समजून घे, म्हणजे ऐन वेळी फसगत होणार नाही. ही दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. ताप आला, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या आणल्या, हे त्यात येत नाही. उपचारांची यादी ठरलेली आहे. २०२३ च्या निर्णयात १३५६ उपचार होते. हृदयाची ऑपरेशनं, कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, डायलिसिस, भाजलेल्यांचे उपचार, अशी मोठी आणि खर्चिक दुखणी त्यात आहेत. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, ते खासगीत होत नाहीत. खाट जनरल वॉर्डातली मिळते. तपासण्या, औषधं, जेवण, घरी गेल्यावर ठराविक दिवसांची औषधं आणि घरी परतायचं एसटीचं भाडं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. आणि आजार जुना आहे म्हणून कुणी नाकारत नाही. खासगी पॉलिसीत साखर, बीपी, मागचं ऑपरेशन यांवरून थांबायला लावतात, तसं इथे नाही. जावईबापूंच्या कंपनीची पॉलिसी असेल तर तीही चालू राहू दे. एक आहे म्हणून दुसरी सोडायची नाही.

दवाखान्यात गेल्यावर काय करायचं, हे तर पाठच कर. योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात रुग्णांच्या मदतीसाठी आरोग्यमित्र बसतो. डॉक्टरांना भेटायच्या आधी नाहीतर लगेच नंतर त्याचं टेबल गाठायचं. आणि त्याला "तुमच्याकडे योजना आहे का?" एवढंच विचारून थांबायचं नाही. "या आजारासाठी आहे का, हे ऑपरेशन योजनेत बसतं का?" असं विचारायचं. आपल्या मोठ्या आत्याच्या छातीत दुखलं तेव्हाची गोष्ट तुला पुरती माहीत नाही, तू लहान होतीस. दारावर योजनेचा फलक बघून दादानं तिला एका खासगी हॉस्पिटलात नेलं, मागितलं तेवढं डिपॉझिट भरलं. तिसऱ्या दिवशी कळलं, की तिथे योजना फक्त हाडांच्या ऑपरेशनांना लागू आहे. फलक खरा होता, पण तो आत्याच्या उपयोगाचा नव्हता. तिच्या पाटल्या त्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. हॉस्पिटलं अशी विभागवार जोडलेली असतात, छोटे. जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात हृदयाचं होतं, कुठे किडनीचं, कुठे कॅन्सरचं, हे घरात सगळे धडधाकट असतानाच विचारून एका कागदावर लिहून ठेव.

दाखल होताना पहिल्याच मिनिटाला सांगायचं, "आम्ही योजनेतून उपचार घेणार आहोत." हे फार महत्त्वाचं आहे. आधी पैसे भरायचे आणि नंतर पावत्या दाखवून परत घ्यायचे, असं इथे होत नाही. हॉस्पिटल कागद पाठवतं, वरून मंजुरी येते, मग उपचार सुरू होतात. मंजुरी येईस्तोवर 'पैसे भरून टाका, लवकर होईल' असं कुणी म्हणालं, तर घाबरून सही करायची नाही. जिवावर बेतलं असेल तर फोनवरून कळवून उपचार लगेच सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. आयुष्मान कार्ड काढायचं राहून गेलं असेल तरी हातपाय गाळू नकोस. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राकडे जा. बाळ झालं आणि त्याचं नाव अजून कार्डावर नसलं, तर त्याचा जन्मदाखला आणि तुमची दोघांची कागदपत्रं घेऊन त्यालाच विचार.

योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर भांडायच्या आधी दोन गोष्टी कर. पावती माग, आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लाव. केंद्राच्या योजनेचा नंबर १४५५५. फोनवर तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लिहून घे. जिल्ह्याला योजनेचे समन्वयक असतात, त्यांच्याकडे लेखी तक्रार दे. आपल्याकडच्या बायका तोंडी फार बोलतात आणि कागदावर काहीच ठेवत नाहीत. तू कागदावर ठेव.

आणि आजार यादीत बसलाच नाही, तरी सगळे रस्ते बंद होत नाहीत. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी अर्ध्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार अशी आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटायचं आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवायचा.

तू म्हणशील, आम्ही काही इतके अडलेले नाही, सरकारी योजनेत नाव घालायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. तुझ्या सासऱ्यांनाही तसं वाटेल. त्यांना हे सांग. ज्यांच्या नावाची ही योजना आहे त्या जोतिरावांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला. उजवा हात गेला तर डाव्या हातानं लिहून त्यांनी आपलं शेवटचं पुस्तक पुरं केलं. तरुणपणी कंत्राटदारी करून पैसा मिळवलेला हा माणूस, पण सगळं समाजकार्यात गेलं आणि आजारपणात हाताशी काही उरलं नाही. त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून त्यांच्यासाठी मदत मागितली. एवढ्या मोठ्या माणसासाठीही ओळखीच्या कुणाला तरी शब्द टाकावा लागला. आज तुझ्यासाठी कुणाला पत्र लिहावं लागत नाही. साबणापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक वस्तूवर तू कर भरतेस, त्यातूनच हा खर्च होतो. हा उपकार नाही, तुझा वाटा आहे.

आता एक आतली गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगत बसले. आपल्या घरांत बाईचं दुखणं शेवटी येतं. सासऱ्यांचं ऑपरेशन, मुलाच्या शाळेची फी, दिराचं लग्न, आणि मग कधीतरी तिचं. छातीत गाठ लागते, पाळीत अंगावरून फार जातं, पोटात दुखतं, आणि ती म्हणते, 'बघू नंतर, आत्ता खर्च नको.' हे मी आईत पाहिलं, काकूत पाहिलं. त्यांच्याकडे खर्चाचं कारण तरी होतं. तुझ्याकडे ते कारण उरू नये असं मला वाटतं. कार्डात नाव असलं की 'खर्च किती येईल' हा प्रश्न मागे पडतो आणि 'दुखतंय का' हा पुढे येतो. ते पाच लाख कुटुंबाचे आहेत, आणि तू त्या कुटुंबात आहेस, पाहुणी नाहीस. दुखलं तर पहिल्याच महिन्यात सांग. लाजून बसू नकोस.

तहान लागल्यावर विहीर खणायला घेतात, तसं हे काम करायचं नसतं. सध्या घरात सगळे ठणठणीत आहेत, म्हणून हीच वेळ आहे. येत्या आठवड्यात अर्धा दिवस रजा टाक. जावईबापूंना बरोबर ने. एकटीनं खेटे घालायचं काम नाही हे, घरातल्या सगळ्यांचं आहे. आधी रेशनकार्ड, मग आधार, मग आयुष्मान कार्ड, याच क्रमानं जा. सगळ्यांच्या कार्डांच्या दोन-दोन प्रती काढ, एक संच घरात ठेव, एक आईकडे पाठव, आणि फोटो तुझ्या फोनमध्ये राहू देत.

नाव चढलं की मला कळव. आणि कार्यालयातून परत पाठवलं, काही कागद अडला, कुणी उद्या या म्हणालं, तर त्याच दिवशी फोन कर. मी येते तुझ्याबरोबर.