नव्या मोटारीचें धुणें : रंग व चाकें कशीं राखावींत

खंडेनवमी जवळ आली, म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत अवजारें व वाहनें धुण्याची एकच धांदल उडते. नांगर, कुळव, विळे, ट्रॅक्टर व मोटारसायकल यांच्या जोडीला आतां पुष्कळांच्या अंगणांत मोटारही उभी असते. उंसाच्या बिलांतून पैसा राखून किंवा बँकेचे हप्ते अंगावर घेऊन ती आणलेली असते. तेव्हां तिजवर घरच्या माणसांची माया जडावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु बेंदराच्या दिवशीं ज्या घासणीनें आपण बैल धुतों, त्याच घासणीनें मोटार धुतली, तर तिची चकाकी पहिल्याच वर्षीं नाहींशी होते. यास्तव नवी मोटार कशी धुवावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा धडा आम्ही स्वतःच्या नुकसानीनें शिकलों. आमची गाडी काळ्या रंगाची. घेतली त्या वर्षीं दर रविवारीं आम्ही ती विहिरीच्या पंपापाशीं उभी करीत असूं, जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यानें धूळ झाडीत असूं, आणि मग कपडे धुण्याच्या भुकटीच्या फेसानें तिला चोळीत असूं. नेम कधीं चुकला नाहीं, याचा अभिमानही वाटे. सहा महिन्यांनीं एके सकाळीं तिरप्या उन्हांत बॉनेटकडे पाहतों, तों कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक ओरखडे! चाकांवरही पांढुरके डाग पडले होते. कारण फरशी धुण्याचें आम्ल आम्हीं त्यांवर ओतलें होतें. शेजाऱ्यांची गाडी महिन्यांतून एकदांच धुतली जाई, ती मात्र आमच्या गाडीहून तजेलदार दिसत होती. तेव्हां कोठें ध्यानांत आलें कीं, आमची गाडी मळानें बिघडली नव्हती. ती आमच्या धुण्यानें बिघडली होती.

रंगाची घडण

मोटारीचा रंग म्हणजे भिंतीस दिलेला एकेरी हात नव्हे. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारें अस्तर असतें. त्यावर पृष्ठभाग सारखा करणारें दुसरें अस्तर, त्यावर मुख्य रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. यास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. हे सर्व थर मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि त्यांतील पारदर्शक थर सुमारें ३५ ते ५० मायक्रॉनच असतो. मनुष्याचा केस साधारणपणें ७० मायक्रॉन जाड असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हें कवच किती पातळ आहे, याची कल्पना येईल. गाडीची चकाकी याच थरांत असते व उन्हापासून रंगाचें रक्षणही तोच करितो. ओरखडे पडल्यावर पॉलिश करून ते घालवितां येतात खरे. परंतु पॉलिश म्हणजे हाच थर घासून आणखी पातळ करणें होय. असा उपाय वारंवार करितां येत नाहीं.

नवी गाडी महिनाभर धुवूंच नये, रंग कच्चा असतो, असा एक समज आहे. कारखान्यांत रंग भट्टींत भाजून पक्का केलेला असतो. म्हणून गाडी पहिल्या दिवसापासून धुण्यास हरकत नाहीं. अपघातानंतर एखादा भाग बाहेर नव्यानें रंगविला असेल, तर मात्र तो पुरता मुरेपर्यंत त्यास मेण लावूं नये. त्याची मुदत रंगाऱ्यास विचारून घ्यावी.

आपल्या मुलखांतील मळ

मळ ओळखल्याशिवाय धुण्याची रीत ठरत नाहीं. पन्हाळा व शाहूवाडीकडील तांबड्या जांभ्याच्या धुळींत लोहाच्या ऑक्साइडांचे कठीण कण असतात. कोरड्या फडक्यानें ती पुसणें म्हणजे रंगावर पॉलिश कागद फिरविणेंच होय. शिरोळ व हातकणंगले भागांतील काळी माती ओली असतांना चिकटते व वाळल्यावर तिचे कडक पापुद्रे होतात. ते खरडून काढूं नयेत, पाण्यानें भिजवूनच सोडवावेत. गळिताच्या हंगामांत उंसाचा पाला जाळल्याची काजळी व बगॅसची राख गाडीवर पडते. या राखेंत सिलिकेचा अंश मोठा असतो, म्हणून तीही पुसण्याची वस्तु नव्हे. उंसाचा रस किंवा काकवी सांडली असेल, तर ती कोमट पाण्यानें विरघळते. नखानें उकरण्याचें कारण नाहीं.

पक्ष्यांची विष्ठा सर्वांत वाईट. तिच्यांतील आम्ल उन्हाच्या तापानें पारदर्शक थरांत शिरतें व कायमचा डाग पडतो. ती दिसतांच ओलें फडकें पांच मिनिटें तिजवर ठेवावें व मऊ झाल्यावर अलगद उचलून घ्यावी. रविवारची वाट पाहूं नये. डांबराचे ठिपके घालविण्यास रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरूं नये. थोडें गोडें तेल लावून ते मऊ होऊं द्यावे, मऊ फडक्यानें टिपावे व ती जागा शाम्पूनें धुवावी.

साहित्य

पंधरावीस लिटरच्या दोन बादल्या, मोटारीचा सौम्य शाम्पू, धुण्यासाठीं मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा, पुसण्यासाठीं त्याच कापडाचे दोन मोठे टॉवेल, आणि चाकांसाठीं निराळी बादली, निराळें फडकें व मऊ केसांचा ब्रश, एवढें साहित्य पुरे. कपड्यांच्या भुकटींत धुण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात; ते मेणाचें संरक्षण धुऊन नेतात व कालांतरानें रबरी पट्ट्यांचा तजेला घालवितात. भांड्यांचा साबणही नित्य वापरूं नये. काथ्या, गोणपाट, स्पंजाचा जुना तुकडा व बटणें असलेले जुने सदरे गाडीजवळ आणूंच नयेत. फडकें जमिनीवर पडलें, तर तें झटकून पुनः वापरूं नये. त्यांतील एक वाळूचा कण सबंध दारावर रेघ ओढण्यास पुरेसा असतो.

धुण्याची कृति

१. गाडी सावलींत उभी करावी व पत्रा हातास गार लागेपर्यंत थांबावें. तापल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग पडतात. सकाळ किंवा सायंकाळ ही वेळ उत्तम.

२. प्रथम नुसतें पाणी टपापासून खालीं सोडावें. चाकांच्या वरील कमानींच्या आंतील चिखल या वेळींच काढावा. तो तेथें राहिला म्हणजे ओल धरून गंजास निमंत्रण देतो. या पायरीवर हात लावावयाचा नाहीं. जो कण पाण्यानें निघून गेला, तो ओरखडा पाडूं शकत नाहीं.

३. नंतर चाकें धुवावींत. तीं आधीं धुण्याचें कारण असें कीं, त्यांची घाण उडाली तर ती न धुतलेल्या अंगावर उडते.

४. एका बादलींत शाम्पूचें पाणी व दुसरींत स्वच्छ पाणी घ्यावें. हातमोजा शाम्पूंत बुडवून टप, कांचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग व शेवटीं दारांचा खालचा भाग, या क्रमानें धुवावें. कारण सर्वांत जास्त माती खालीं असते. हात गोल न फिरवितां सरळ फिरवावा व भार देऊं नये. एक भाग झाला कीं हातमोजा स्वच्छ पाण्यांत खळबळून, पिळून, मगच पुनः शाम्पूंत बुडवावा. दोन बादल्यांचें सारें मर्म यांत आहे. एकच बादली असली, तर धुतलेली माती पुनः गाडीवरच चढते.

५. फेस वाळण्यापूर्वीं त्या त्या भागावर पाणी ओतावें.

६. लगेच टॉवेलनें पुसून घ्यावें. बोअरच्या जड पाण्यांत विरघळलेले क्षार असतात. गाडी उन्हांत आपोआप वाळूं दिली, तर पाणी उडून जातें व क्षारांचे पांढरे ठिपके मागें राहतात. ज्यांच्याकडे नळाचें किंवा साठविलेलें पावसाचें मऊ पाणी असेल, त्यांनीं शेवटचें पाणी तें वापरावें. दारें उघडून त्यांच्या कडा पुसाव्यात व दारांच्या तळाशीं पाणी निघण्यासाठीं जीं छिद्रें असतात, तीं मातीनें बुजलीं नाहींत ना, हें पाहावें.

तीनचार महिन्यांतून एकदां धुतलेल्या कोरड्या गाडीस मेणाचा हात द्यावा. पाणी व मळ त्यावर कमी ठरतो आणि पुढील धुणें सोपें होतें.

चाकांची निगा

पुष्कळ नव्या गाड्यांस अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्र धातूचीं चाकें असतात. त्यांवरही रंगाप्रमाणेंच पारदर्शक लाखेचा थर असतो. चाकावर जी काळी भुकटी सांचते, ती केवळ रस्त्याची धूळ नव्हे. ब्रेक लावतांना झिजलेल्या पट्ट्यांची व लोखंडी तबकडीची ती पूड असते. ती दिवसेंदिवस राहिली, तर चिकटून बसते, लोहाचे कण गंजतात व तपकिरी ठिपके पडतात. म्हणून अंग एखाद्या वेळीं न धुतलें तरी चालेल, चाकें मात्र आठपंधरा दिवसांनीं धुवावींत.

घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवर लगेच थंड पाणी मारूं नये. तापलेली ब्रेकची तबकडी एकाएकीं गार झाली, तर ती वाकण्याचा संभव असतो. अर्धा तास जाऊं द्यावा. फरशीचें किंवा संडासाचें आम्ल, तारेची घासणी व राख हीं तिन्ही चाकांस वर्ज्य आहेत. आम्ल लाखेचा थर खातें व त्याखालीं अ‍ॅल्युमिनियम काळवंडूं लागतें. शाम्पूचें पाणी व मऊ ब्रश पुरे होतात. टायरास डिझेल किंवा रॉकेल लावून काळेपणा आणण्याची चाल अगदीं सोडावी, कारण खनिज तेलानें रबर बिघडतें.

धुऊन झाल्यावर गाडी थोडी हळू चालवून दोनचार वेळां ब्रेक दाबावा, म्हणजे तबकड्या कोरड्या होतात. दुसऱ्या दिवशीं तबकडीवर तांबूस झांक दिसली, तर घाबरूं नये. ती वरवरचा गंज असून ब्रेक लावतांच पुसली जाते.

जोराच्या पाण्याविषयीं

पाण्याचा जोराचा झोत उपयुक्त आहे, पण तो गाडीपासून निदान हातभर दूर असावा व पंख्यासारखा पसरलेला असावा. जवळून मारलेला झोत दगड लागून उडालेल्या रंगाची कड उचलतो, दारांच्या रबरांत पाणी घुसवितो व टायराच्या बाजूसही इजा करितो. विजेवरील गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाचें झांकण बंद असल्याची खात्री करावी. बागेच्या फवारणीचा पंप या कामीं वापरूं नये. त्याच्या टाकींत व नळींत तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो, आणि पुढें मुलें त्याच गाडीस हात लावतात.

पूजेच्या दिवशीं

दसऱ्याच्या सोहळ्यास दसरा चौकांत येणारी छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार कोल्हापूरकरांच्या परिचयाची आहे. राजाराम महाराजांच्या काळांतील ही गाडी आजही पाहणाराचे डोळे वेधून घेते. वाहन पिढ्यान्‌ पिढ्या टिकवितां येतें, याचें हें आपल्या घरचेंच उदाहरण होय.

आपल्या पूजेंतही थोडी काळजी घ्यावी. हळदीचा रंग चिवट असतो, आणि क्षार लागला कीं ती तांबडी होते. हळदीस चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. तेव्हां हळद लागलेल्या रंगावर सोड्याचा साबण लावूं नये. गंध व कुंकू पुढच्या कांचेच्या कोपऱ्यांत लावावें. तेथून तें सहज निघतें व पूजेंतही उणें येत नाहीं. झेंडूची माळ तारेऐवजीं दोऱ्यानें बांधावी, कारण गाडी चालतांना तार रंगावर घासते. नारळ जमिनीवर फोडावा. पूजेनंतर दुसऱ्या दिवशीं गाडी पाण्यानें धुऊन घ्यावी.

पाणी व जागा

नळींतून मिनिटास १५ लिटर पाणी वाहिलें, तर वीस मिनिटांत ३०० लिटर पाणी जातें. दोन बादल्यांच्या रीतीनें, पाणी ओतण्यासह, चारपांच बादल्यांत काम होतें. गाडी नदीच्या घाटावर किंवा तळ्याच्या कांठीं नेऊं नये. पंचगंगा व रंकाळा यांच्या पाण्याची दशा आपण जाणतोंच. तेल, ग्रीस व साबण यांची त्यांत आणखी भर घालणें योग्य नव्हे. विहिरीपासून दूर, जेथें पाणी गवतांत किंवा मुरमांत मुरेल, अशी जागा निवडावी. आम्ही जी गाडी विहिरीपाशीं धूत होतों, तिचें मळकट पाणी उतारानें त्याच विहिरीकडे जात होतें, हें आम्हांस पुष्कळ उशिरां दिसलें.

हें काम गड्यावर किंवा मुलांवर सोंपवावयाचें असेल, तर एकदां त्यांच्यासमवेत उभें राहून रीत दाखवावी. नुसत्या सांगण्यानें फडक्याची संवय सुटत नाहीं. येत्या खंडेनवमीस वाचकांनीं दोन बादल्या मांडून एकदां पाहावें. काम संपल्यावर स्वच्छ पाण्याची बादली हळूच ओतावी व तळाशीं बोट फिरवावें. तेथें जी वाळू हातास लागेल, ती एरवीं आपल्या गाडीच्या रंगावर फिरली असती.