बाटली जाते, गोडी उरते (गीता २.५९)

आज दुसऱ्या अध्यायातला ५९वा श्लोक. भाव असा : माणसाने विषयांचा आहार बंद केला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत राहते. परमतत्त्व दिसलं की मग ती गोडीही जाते.

मी हा श्लोक दारू सोडलेल्या माणसाच्या नजरेने वाचतो. माझं हे चौथं वर्ष. व्यसन सोडताना काय करायचं नाही ते सगळेच सांगतात. शनिवारी संध्याकाळी सात वाजता काय करायचं, ते कोणी सांगत नाही. माउलींनी ज्ञानेश्वरीत इथे झाडाचा दाखला दिलाय. वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, तर झाड मरणार कसं? 'आता काय मजा राहिली आयुष्यात' हे मनात घोळवत बसणं म्हणजे ते पाणी, असं मला वाटतं.

पण पहिले काही महिने सगळं खरंच बेचव लागतं, हेही सांगायला हवं. दारूने मेंदूला आनंदाच्या मोठ्या धक्क्यांची सवय लागलेली असते. मग गाणं, जेवण, गप्पा हे सगळं फिकं वाटतं. ती यंत्रणा सावरायला महिने लागतात, आणि नेमक्या याच काळात बरेच जण 'न पिता जगणं असंच असतं' असं समजून परत ग्लास उचलतात. त्यांच्यासाठी अठराव्या अध्यायातला ३७वा श्लोक आहे : सात्त्विक सुख आधी विषासारखं, शेवटी अमृतासारखं. ३८व्यात राजस सुखाचं बरोब्बर उलटं. पहिला पेग आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवा, वेगळं भाष्य लागत नाही.

(रोज भरपूर पिणाऱ्याने हे वाचून एकदम बंद करू नका हं. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे विचारा.)

आता मजेचं. 'न पिता नाचायचं कसं?' असं मला एका मित्राने लग्नाच्या वरातीत विचारलं होतं. त्याला म्हटलं, वारीत ये. माळकरी दारूला शिवत नाही, आणि तरी रिंगण झाल्यावर सत्तरीच्या आज्या फुगडी घालतात, पावल्या खेळतात, चिखलात हसत बसतात. तिथे कोणालाच 'मन मारून जगतोय' असं वाटत नसतं. श्लोकही गोडी मारायला सांगत नाहीच. अधिक गोड काही दिसलं की जुनी आपोआप सुटते, एवढंच म्हणतो.

'नामाची नशा' हा शब्दप्रयोग मात्र मला पटत नाही. नशेत संध्याकाळ विसरायची असायची. भजनाची संध्याकाळ मला सगळी आठवते, कोणाचा टाळ कुठे चुकला तेही.

माझी शनिवारची सोय फार साधी आहे : सात ते साडेआठ पखवाजाचा क्लास, मग न पिणाऱ्या दोघातिघांबरोबर जेवण. रविवारी उजाडायच्या आत पर्वती. डोकं न दुखता उजाडताना पाहणं, ही चैन मला अजून जुनी झालेली नाही. कधी तल्लफ आलीच तर आधी चार गोष्टी तपासतो : भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलोय का? व्यसनमुक्तीच्या गटांत हे शिकवतात. सहाव्या अध्यायात खाण्याझोपण्याच्या मापाबद्दल भगवंत बोलतात तेव्हा मला हीच यादी आठवते. निम्म्या वेळा तर वरणभात जेवलो की तल्लफ गेलेली असते!

उद्या ६०वा श्लोक. प्रयत्न करणाऱ्या जाणत्या माणसाचंही मन इंद्रियं ओढून नेतात, असं भगवंत तिथे सांगतात. उद्या शनिवार आहे, सातच्या आत वाचा.