चूक इंग्रजीत, मूळ मराठीत

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की हॉस्टेलवर दोन गोष्टींची मागणी वाढते : इस्त्री आणि इंग्रजी! माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे रेझ्युमे, कव्हर लेटर, सरांना पाठवायचा ई-मेल, सगळं तपासायला माझ्याकडे येतं. असे बरेच कागद पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. चुका वाटेल तिथे होत नाहीत, ठरावीक जागीच होतात. जळगावची मुलगी आणि सांगलीची मुलगी एकमेकींना न विचारता अगदी तीच चूक करतात!

आता, महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आपण सगळे बारा वर्षं इंग्रजी शिकूनच इथे आलो. मग चूक राहते कुठे? खरं तर डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं आणि ते अगदी बरोबर असतं. फक्त मराठीचा नियम आपण इंग्रजीला लावतो. कुठे लावला ते कळलं की दुरुस्ती सोपी. अशा पाच जागा इथे देते.

१) 'पासून'चं काय करायचं?
'मी दोन वर्षांपासून रावेतला राहते.' याचं आपण करतो, 'आय ॲम स्टेइंग इन रावेत सिन्स टू इयर्स.' मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हीकडे एकच 'पासून' चालतो. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. ड्रॉइंगच्या भाषेत सांगायचं तर 'सिन्स' म्हणजे डेटम, जिथून मोजायला सुरुवात केली तो बिंदू. 'फॉर' म्हणजे डायमेन्शन, तिथून आजपर्यंतची लांबी. म्हणून सिन्स मंडे, पण फॉर टू इयर्स. दुसरं म्हणजे, आधी सुरू झालेल्या आणि अजून चालू असलेल्या गोष्टीला मराठीत वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला 'हॅव' लागतं. बरोबर वाक्य : 'आय हॅव बीन लिव्हिंग इन रावेत फॉर टू इयर्स.'

२) अ की ॲन?
हे स्पेलिंग बघून ठरत नाही, उच्चारावरून ठरतं. आणि इथे मराठी आपल्या मदतीला येते, बरं का! शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'आवर'मध्ये आधी आ, म्हणून ॲन आवर. 'युनिव्हर्सिटी'त आधी य, म्हणून अ युनिव्हर्सिटी. तसंच ॲन एमटेक डिग्री, ॲन एलईडी, पण अ यूएसबी केबल आणि अ वन-वे रोड. मात्र एसटीला 'यष्टी' म्हणणाऱ्यांनी जरा जपून!

३) 'च' आणि 'ओन्ली'
'मी उद्याच येईन' म्हणजे 'आय विल कम टुमॉरो ओन्ली'. हे तर कॉन्व्हेंटची मुलंही सर्रास म्हणतात. आपला 'च' दोन कामं करतो. कधी नुसता जोर देतो, तर कधी 'फक्त' असा अर्थ देतो. 'ओन्ली'चं मुख्य काम 'फक्त'चं. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की तुम्ही उद्याचा एकच दिवस येणार, नंतर नाही. जोर द्यायचा असेल तर बोलताना 'टुमॉरो'वर आवाज चढवा. लिहिताना 'ओन्ली' सरळ गाळा.

४) शंका आणि डाउट
'सर, आय हॅव अ डाउट.' आपल्या वर्गात हे चालतं, कारण सरांच्या डोक्यातही 'शंका'च असते, आणि मराठीत शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही. इंग्लंड-अमेरिकेत 'डाउट' म्हणजे मुख्यतः संशय. इथून जवळच चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा परदेशी कंपन्यांत उद्या आपल्यापैकीच कोणीतरी तिकडच्या इंजिनिअरला मेल लिहिणार. 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर ड्रॉइंग' वाचून त्याला वाटेल, याला माझं ड्रॉइंग चुकीचं वाटतंय! तिथे 'क्वेश्चन' लिहा.

५) येस की नो?
ही सगळ्यात धोक्याची जागा. 'मेन सप्लाय बंद नाही केलास?' असं विचारलं तर मराठीत आपण सहज म्हणतो, 'हो, नाही केला.' इथे 'हो' म्हणजे तुझं म्हणणं बरोबर. इंग्रजीत 'येस'च्या पुढे नेहमी होकारी वाक्य येतं, 'येस, आय हॅव', म्हणजे बंद केला. आता शिफ्ट बदलताना एकाने मराठी डोक्याने नुसतं 'येस' म्हटलं आणि दुसऱ्याने ते इंग्रजी कानाने ऐकलं, तर तो चालू पॅनलमध्ये हात घालेल. म्हणून नकारार्थी प्रश्नाला नुसतं येस-नो कधीच नको. पूर्ण वाक्य बोला : 'द मेन सप्लाय इज स्टिल ऑन.'

प्रत्येक भारतीय प्रयोगाला चूक म्हणायचं कारण नाही. 'प्रीपोन' आपल्या देशातला शब्द, आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. 'पास आउट'चंही तसंच. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होतेच की! पण अमेरिकन माणसाला 'आय पास्ड आउट' म्हणजे 'मी बेशुद्ध पडलो' वाटतं, म्हणून रेझ्युमेत 'ग्रॅज्युएटेड' बरं. ऐकणारा कोण आहे ते बघायचं, एवढंच.

दोन भाषा शेजारी ठेवून शिकण्याची ही पद्धत काही नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आधीच्या कित्येक पिढ्या अशाच इंग्रजी शिकल्या. जीडीमध्ये मुद्दा माहीत असूनही केवळ 'माझं मीडियम मराठी' म्हणून गप्प बसणारे अनेक हुशार मित्रमैत्रिणी आपल्याकडे आहेत. त्यांना एवढंच सांगायचंय की तुमचं मराठी वाक्य बरोबर आहे, त्याला फक्त या पाच जागी वळण द्यायचंय. तेव्हा बोला!

बाकी काही विचारायचं असेल तर मेसमध्ये भेटा. फक्त डाउट आणू नका, प्रश्न आणा!