ताप उतरला तरी परत या

डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत जास्त जपायचे असतात. नाशिकच्या सिडकोतल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. केसपेपर काढणं, नंबर लावणं, रिपोर्ट फाइलला लावणं हे माझं काम. पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या बाकांवर तापाचे पेशंट मावत नाहीत. त्या गर्दीतही हे एक वाक्य मी जमेल तितक्यांना सांगते, कारण आमच्या घरानं ते सोसलेलं आहे.

माझा मोठा भाऊ अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला जातो, राहायला पाथर्डी फाट्याला. ऐन गणपतीत, सोमवारी त्याला सणकून ताप भरला. डोळ्यांमागे ठणका, कंबर आणि पाय धरलेले. मंगळवारी त्यानं मेडिकलमधून अंगदुखीच्या सुट्या गोळ्या आणल्या. बुधवारी वहिनीनं त्याला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह आली. शुक्रवारी पुन्हा रक्त तपासायला या, असं त्यांनी बजावलं. गुरुवारी रात्री घाम येऊन ताप उतरला. शुक्रवारी सकाळी दादाला हलकं वाटलं. बरं झाल्यावर पुन्हा कशाला सुई टोचून घ्यायची, म्हणून तो फर्स्ट शिफ्टला गेला.

दुपारी घरी आला तो पोट धरूनच. उलट्या थांबेनात. हात-पाय गार पडले, आणि एरवी बडबड्या असलेला माणूस विचारलं तरी नीट बोलेना. वहिनीचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "दवाखान्यात नको, सरळ हॉस्पिटलमध्ये ने." तिथं पोचेपर्यंत त्याचा रक्तदाब बराच खाली गेला होता.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "ताप नक्की कधी सुरू झाला? शेवटचा कधी होता? लघवी कधी झाली?" अशा वेळी घरच्यांची जीभ अडखळते. वहिनीनं पर्समधून भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. दुधाचा हिशेब लिहायच्या चौकोनांत तिनं पेन्सिलीनं ताप लिहिला होता. मंगळवारच्या खाली 'स. १०२, दु. १०३, रा. १०२'. गुरुवारी 'रा. ९९'. शुक्रवारच्या चौकोनात 'उलटी ३, लघवी सकाळपासून नाही'. डॉक्टरांनी बोट ठेवत दिवस मोजले, पाचवा भरला. लगेच सलाईन सुरू झालं, तेही मोजून-मापून, आणि थोड्या-थोड्या तासांनी रक्त तपासणं चालू राहिलं. दादा सावरला.

ताप उतरल्यावर असं का होतं, हे नंतर आमच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस टिकतो. तो ओसरताना, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि पोटात, छातीत साठतं. वाहिन्यांमधलं रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. हा धोका चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा असतो. तेवढे तास सांभाळले की बहुतेक माणसं झपाट्यानं बरी होतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की नुसत्या प्लेटलेट पाहू नका. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताचा घट्टपणाही छापलेला असतो. तो आकडा कालच्यापेक्षा चढला आहे का, हे डॉक्टर आधी बघतात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट कमी झाल्या म्हणून बहुतेकांना त्या चढवाव्या लागत नाहीत.

पुढची लक्षणं दिसली तर नंबर लागायची वाट पाहू नका: पोटात जोराची कळ, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप, हात-पाय गार पडणं, खूप सुस्ती किंवा विनाकारण चिडचिड, चार-सहा तासांत लघवी न होणं. तडक हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. नाशिककरांना जिल्हा रुग्णालय आहे. महापालिकेचं बिटको नाशिकरोडला आहे, झाकीर हुसेन रुग्णालय आहे. यातलं आपल्या घराला जवळचं कोणतं, हे ताप यायच्या आधीच ठरवून ठेवा.

आता गोळ्यांबद्दल. काउंटरवर लोक पुडी उघडतात, तिच्यात कात्रीनं कापलेले पट्टीचे तुकडे असतात. नाव एका तुकड्यावर गेलेलं, तारीख दुसऱ्यावर, आणि हातात उरतात दोन गुलाबी गोळ्या. दादाच्या खिशातही अशाच निघाल्या. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक असतं. डेंग्यूत ही औषधं, तशीच आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन, रक्तस्राव वाढवू शकतात. तापाचं निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, पण आल्या-आल्या सांगा. मेडिकलवाल्याकडून नाव दिसेल असाच तुकडा मागून घ्या.

दवाखान्यात येताना हे सांभाळा. तापाचा पहिला दिवस कोणता, हे काउंटरवरच सांगा. कोणती तपासणी करायची ते त्यावर ठरतं. एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे डेंग्यू नाहीच, असं धरून चालू नका. रिपोर्टच्या अर्ध्या पानाचा फोटो पाठवू नका, अख्खा कागद किंवा पीडीएफ आणा. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घाला, घरी ठेवून येऊ नका. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेलं कोणी आजारी असेल तर पहिल्याच दिवशी या. खोकला असेल तर मास्क लावा आणि शक्यतो बाहेरच्या बाकावर बसा, आत बाळं असतात. इंजेक्शन किंवा सलाईनचा आग्रह धरू नका. पेशंट तोंडानं पाणी, ताक, पेज, जलसंजीवनी घेऊ शकत असेल तर तेच उत्तम. आणि निघताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका: पुन्हा कधी यायचं, कोणती गोळी घ्यायची नाही, रात्री बिघडलं तर कुठं जायचं.

घरचं पाणी हा डेंग्यू टाळण्यातला सर्वांत मोठा भाग आहे. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघतो, पण डेंग्यूचा डास नदीत वाढत नाही. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. पाणी कमी दाबानं येतं म्हणून भरून ठेवलेला ड्रम, गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. दादाच्या घरचा तो ट्रे मीच ओढून काढला. पेलाभर पाणी, आणि टॉर्च मारल्यावर त्यात वळवळ करत खाली बुडी मारणाऱ्या अळ्या. शेजारच्या नव्या इमारतीत स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवलेलं होतं, ते वेगळंच. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. काथ्यानं किंवा घासणीनं कडा घासा. जी टाकी रिकामी करता येत नाही तिच्यात गप्पी मासे सोडा. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा, आणि तापाच्या पेशंटलाही, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना लागण होणार नाही.

याच दिवसांत फ्लू असतो. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर येणारा लेप्टोचा तापही असतो, विशेषतः पायाला जखम असेल तर. वरून सगळे ताप सारखेच दिसतात. पाण्यातून चालला असाल तर तेही सांगा. साठी उलटलेल्यांनी आणि दमेकऱ्यांनी फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यावी का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

एक पेन्सिल दोरीनं कॅलेंडरला बांधून ठेवा. ताप, लघवी, उलटी, गोळीची वेळ, सगळं त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहा. आणि डॉक्टरांनी शुक्रवारी बोलावलं असेल तर शुक्रवारी या. ताप नसेल तरी या, बरं वाटत असेल तरी या. तुमचा केसपेपर मी काढून ठेवते.