टोमॅटोसाठी स्वयंसिंचित बादली : दोष व सुधारणा

उन्हाळ्यात परसातील टोमॅटोस रोज पाणी घालूनही दुपारी झाडे माना टाकतात आणि भरत आलेल्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. रोग समजून पुष्कळ जण त्यावर औषध फवारतात. तो खर्च वाया जातो. ओल कधी फार तर कधी मुळीच नाही, असे झाले म्हणजे पाण्याबरोबर जाणारे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पुरेसे पोचत नाही व तेथील पेशी मरतात. यास्तव ओल एकसारखी राखणे हाच मुख्य उपाय होय.

रचना : एका झाडास २० लिटरची बादली घ्यावी. कीटकनाशकाचे रिकामे भांडे कदापि वापरू नये. तळापासून १० सें.मी. उंचीवर भोके पाडलेली चकती विटांच्या तुकड्यांवर टेकवावी. चकतीच्या मध्यातून एक सच्छिद्र डबा तळापर्यंत सोडून त्यात माती भरावी. दिव्याच्या वातीप्रमाणे ही माती खालचे पाणी वर ओढते. पाणी भरण्यासाठी कडेने एक नळी तळापर्यंत उभी करावी.

नेहमी आढळणारे दोष :

१. सांडभोक नसणे. पाणी चकतीच्या वर चढते व हवेअभावी मुळे कुजतात. चकतीखाली २ सें.मी. अंतरावर बादलीच्या बाजूस भोक पाडावे.

२. निव्वळ काळी माती भरणे. ती दबून घट्ट होते. दोन भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे.

३. तळ कोरडा पडू देणे. वात एकदा सुकली की नुसते खालून पाणी भरून भागत नाही. वरूनही पाणी घालून मिश्रण पुन्हा भिजवावे.

४. क्षार साचणे. पाणी वर चढून उडून जाते, क्षार मात्र पृष्ठभागी राहतात. वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी सोडावे आणि तळाशी बूच बसवून ते काढून टाकावे.

५. डासांची पैदास. नळीचे तोंड व सांडभोक बारीक जाळीने बंद करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधी व एक सुधारलेली बादली शेजारी ठेवून रोजचे पाणी व डागी फळे यांची नोंद करावी. शेतकऱ्यास स्वतःच्या अंगणातील आकडे अधिक पटतात.