पोडियमवरची हरळी

ताई सांगत होती, परळच्या तुमच्या टॉवरातलं पोडियमवरचं लॉन सोसायटीने तुझ्याकडे सोपवलंय. छान झालं. अरे, मैदानांची हिरवळ राखण्यात तुझ्या मामाचा जन्म गेला. त्यातलं तुझ्या उपयोगी पडेल ते सांगतो, नीट ऐक.

गवत लावण्याआधी ऊन बघ, आणि वर्षभराचं बघ. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मग तो दक्षिणेकडे सरकतो, आणि डिसेंबरात टॉवरची सावली उत्तरेच्या अंगाला दुपारभर पडून राहते. त्या बाजूला जूनमध्ये लावलेलं गवत श्रावणात सुरेख दिसतं आणि मार्गशीर्षात विरळ होतं. लोक माळ्याला बोल लावतात, वर खतं ओततात. दोष सावलीचा असतो. हरळीला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. तेवढं जिथे मिळत नाही तिथे हट्ट धरू नकोस, नेचे लाव, स्पायडर प्लांट लाव. फाइव्ह गार्डनच्या बाजूला मोठ्या झाडांखाली बघ, दाट सावलीत माती उघडी पडलेली दिसेल.

दुसरी गोष्ट मातीची. तुझ्या पायाखाली जमीन नाही, स्लॅब आहे. एक फूट जाडीची ओली माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो वजन. दर वर्षी खड्डे बुजवायला नवी माती टाकायची सोसायट्यांना सवय असते. ती मोडून काढ. इंजिनीयरला विचारल्याशिवाय एक गोणीसुद्धा चढवायची नाही. नुसती लाल मातीही नको. पावसात तिचा चिखल होतो आणि वाळली की तिची धूळ उडते. शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्यांना उन्हाळ्यात त्याचा अनुभव असतोच. तिच्यात जाड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळ. खाली खडीचा थर, त्यावर पाणी झिरपू देणारं जाड कापड, आणि पाणी पन्हाळीच्या नळाकडे जाईल असा उतार, हे आहे का ते स्वतः उकरून बघ. जुलैत एका दिवसात शंभर-दोनशे मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवा नाही. पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

आता गवत. हरळीच लाव. गणपतीला वाहतो ती दुर्वा हीच. तिचा बारीक पात्याचा निवडक प्रकार नर्सरीत मिळतो. मेक्सिकन म्हणून विकतात ती मऊ चटई दिसायला देखणी आणि कापायलाही कमी लागते, पण मुलं खेळणार असतील तर घेऊ नकोस. तुडवली गेली की सावरायला फार वेळ घेते. हरळी आडव्या काड्यांनी धावते, पेरापेराला मुळं धरते, खारा वाराही सोसते. थंड देशांतल्या गवताचं बियाणं कोणी गळ्यात मारायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठव. इथल्या उष्ण-दमट हवेत ते तग धरत नाही.

मेमध्ये माती भरून झाली की लगेच लावायची घाई नको. पाणी मारून पंधरा दिवस थांब. लव्हाळा वर येईल. तो वरवर उपटलास तर पुन्हा येतो, म्हणून खुरप्याने मातीतल्या गाठीसकट काढ. असं दोनदा कर. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की हरळीच्या काड्या तीन-चार इंचांवर खोच. पुढचं काम पाऊस करतो.

कापताना एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नये. दीड इंच उंची ठेव, यंत्राच्या पात्याला धार असू दे. ओल्या गवतावर यंत्र फिरवलं तर पाती फाटतात आणि बुरशी शिरते. आपली कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, आणि वाढलेल्या गवतात चेंडू अडतो. आम्हीसुद्धा चांगली उघडीप मिळेपर्यंत यंत्राला हात लावत नसू.

पाणी पहाटे दे, रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी मुळांपर्यंत पोचेल असं. संध्याकाळी दिलं तर पातं रात्रभर ओलं राहतं. पिण्याचं पाणी मात्र गवताला घालू नकोस, याबाबत मी फार कडक आहे. सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट असेल तर तेच वापर, आणि एप्रिल-मेमध्ये लॉन थोडं पिवळं पडलं तर पडू दे. हरळीच्या काड्या मातीत जिवंत असतात. बारा महिने हिरवंगार हवं असं म्हणणाऱ्या सभासदांना हे समजावून सांगणं तुझंच काम.

एक कोपरा आजीसाठी राख. तिथे तणनाशक, कीटकनाशक काहीही मारायचं नाही, म्हणजे पूजेच्या दुर्वा बिनघोर खुडता येतील.

आणि मंडप. गणपती दहा दिवस लॉनवरच बसवायचे असतील तर तक्तपोशी थेट गवतावर टाकू देऊ नकोस, पायांवर उचलून घे, खालून वारा खेळला पाहिजे. विसर्जनानंतर लगेच पिवळं गवत दाताळ्याने विंचर, टोकदार सळईने तीन-चार इंच भोकं पाड (त्याहून खोल नको, खाली वॉटरप्रूफिंग आहे), भोकांत वाळू भर आणि महिनाभर कोणालाही फिरकू देऊ नकोस. नवरात्रात तिथेच गरबा करायचा ठराव कोणीतरी आणेलच. तेव्हा उभा राहून सांग, की अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामध्ये जेमतेम पितृपंधरवडा असतो, तेवढ्यात गवत धरत नाही. गरबा पार्किंगच्या मोकळ्या जागेत घ्या म्हणावं.